दोघांसाठी शरदातली एकदिवसीय सहल: जवळची, सावकाश आणि उजेडात परतणारी

शरद ऋतूत दोघांनी दिवसभरासाठी बाहेर पडायचे ठरवले, की ठिकाणाच्या आधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. उन्हाळ्याच्या सवयीने आखलेला दिवस या ऋतूत हमखास अपुरा पडतो. दोन ठिकाणे, मध्ये जेवण, परतताना वाटेत आणखी एक थांबा असा बेत कागदावर सोपा दिसतो आणि प्रत्यक्षात दुपारी तीन वाजल्यापासून दोघेही घड्याळाकडे पाहू लागतात. निवांतपणा हवा असेल, तर तो बेत आखतानाच काही गोष्टी वजा करून मिळवावा लागतो. जागेवर पोहोचल्यावर तो आपोआप सापडत नाही. एकच ठिकाण, घरापासून तासाभराच्या आतले अंतर आणि उजेड असेपर्यंत परतीला लागण्याची शिस्त, एवढ्यावर दिवस बेतला तर पुढच्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

सूर्यास्तापासून मागे मोजणे

विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या आगेमागे, दिवस सर्वांत झपाट्याने लहान होतो, आणि हा झपाटा अक्षांशावर अवलंबून असतो. विषुववृत्तापासून २० अंशांवर दिवस रोज साधारण एका मिनिटाने कमी होतो, ४० अंशांवर पावणेतीन मिनिटांनी, तर ५० अंशांवर जवळजवळ चार मिनिटांनी. ही घट दोन्ही टोकांकडून सारखी होत नाही. या काळात सौर मध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असण्याची वेळ, रोज थोडे अलीकडे सरकत असते, त्यामुळे सूर्योदय जितका लांबतो त्यापेक्षा सूर्यास्त अधिक वेगाने अलीकडे येतो. ५० अंशांवर तो आठवड्याला सुमारे पाव तास अलीकडे येतो, म्हणजे महिन्यापूर्वी ज्या वेळी निघून उजेडात घर गाठले होते ती वेळ आता तासभर उशिराची ठरते. जेथे शरदात घड्याळे एक तास मागे घेण्याची पद्धत आहे, तेथे त्या दिवशी संध्याकाळचा आणखी एक तास एकदम हातचा जातो. दक्षिण गोलार्धात हेच गणित मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास लागू पडते.

हिशेब असा मांडावा. सूर्यास्त सहा वाजता असेल, तर चालणे पाच वाजता संपले पाहिजे. वाहन किंवा थांबा गाठण्यासाठी उरलेला हा तास धावपळीचा नसतो, उलट तो दिवसातला सर्वांत चांगला तास असतो. ऊन तिरपे होते, गवताच्या आणि झाडांच्या कडा उजळतात, सावल्या लांब होतात, आणि हे सर्व पाहायला दूरवरच्या टोकावर उभे असण्याची मुळीच गरज नसते. म्हणून वाहनतळापासून पाच-दहा मिनिटांच्या आत पश्चिमेकडे मोकळी असलेली एखादी बसण्याची जागा सकाळी येतानाच हेरून ठेवावी आणि शेवटचा तास तिथे घालवावा. अंधाराची धास्ती नसल्यामुळे दोघांनाही तो तास पुरता मिळतो. सूर्यास्तानंतर वाट दिसण्याइतका संधिप्रकाश विषुववृत्ताजवळ जेमतेम वीस-बावीस मिनिटे टिकतो, ५० अंशांवर अर्ध्या तासाच्या आसपास. ही मिनिटे अडचणीसाठी राखून ठेवावीत, बेतात धरू नयेत.

दरीत किंवा डोंगराच्या पूर्व पायथ्याशी असाल, तर पंचांगातला सूर्यास्त कामाचा नाही, कारण सूर्य त्याच्या बराच आधी कड्याआड जातो. अशा वेळी हात सरळ समोर ताणून मूठ धरावी. मुठीची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. सूर्य आणि कडा यांच्यामध्ये एक मूठ मावत असेल, तर विषुववृत्ताजवळ ऊन जायला साधारण चाळीस मिनिटे आणि ५० अंशांवर तासाभराचा अवधी आहे असे समजावे. मूठ धरताना सूर्याकडे थेट पाहत राहू नये, हे सांगायला नको.

अंतर आणि दिशा

जाण्याचा वेळ एका बाजूने तासाभराहून अधिक असू नये, असे मी आग्रहाने सांगेन. दीड तासाचे अंतर नकाशावर किरकोळ वाटते, पण येऊन-जाऊन तीन तास वाहनात गेले की नऊ-दहा तासांच्या उजेडातून उरते काय? शिवाय जवळच्या ठिकाणाला एक मोठा गुण असतो: पाऊस आला, डोके दुखू लागले किंवा नुसता कंटाळा आला तरी मन न मोडता परतता येते. दूर गेल्यावर माणूस ‘इतके आलो आहोत तर’ म्हणून स्वतःला रेटतो आणि सोबत्यालाही.

दिशेचा विचार फारसे कोणी करत नाही, पण स्वतः वाहन चालवणाऱ्यांनी तो अवश्य करावा. शरदात सूर्य सकाळी आणि दुपारनंतर दीर्घकाळ क्षितिजाच्या जवळ राहतो आणि समोरून आला तर रस्ता अक्षरशः दिसेनासा करतो. घराच्या पश्चिमेला असलेले ठिकाण निवडले, तर सकाळी जाताना सूर्य पाठीशी असतो आणि संध्याकाळी पूर्वेकडे परततानाही तो पाठीशीच राहतो. पूर्वेचे ठिकाण घेतले तर दोन्ही वेळा डोळ्यांवर येतो. जवळपास सारख्या योग्यतेच्या दोन जागा असतील, तर केवळ या कारणासाठी पश्चिमेची घ्यावी. समोरची काच आतून पुसून घ्यावी, कारण बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या काचेवरचा आतला धुरकट थर तिरप्या उन्हातच कळतो.

बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांना वेगळी सोय आहे. वाहनाने आधी दूरच्या टोकाला उतरावे आणि तिथून मोठ्या थांब्याच्या किंवा स्थानकाच्या दिशेने चालत यावे. दिवसाच्या शेवटी आडबाजूच्या थांब्यावर शेवटच्या गाडीची वाट पाहण्याची वेळ मग येत नाही. मात्र हंगाम संपला की अनेक ठिकाणी गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात, नावा बंद होतात, उद्यानांच्या आणि संग्रहालयांच्या वेळा आखडतात. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये आणि आदल्या दिवशी वेळापत्रक पाहावे.

कुठे जावे

चांगल्या ठिकाणाची माझी कसोटी प्रसिद्धीशी जोडलेली नाही. मला चार गोष्टी दिसल्या की पुरे होते: थोडे पाणी, थोडा चढउतार, बसायला कोरडी जागा आणि ज्या वाटेने गेलो तिनेच न परतता गोल फिरून येता येईल अशी पायवाट. पाणी हवे, कारण तळ्याच्या किंवा संथ नदीच्या काठी उजेड दुप्पट होतो आणि झाडे दोनदा दिसतात. चढउतार हवा, कारण पाने रंगण्याची वेळ उंचीनुसार बदलते. डोंगरमाथ्यावर गारठा आधी पोहोचतो, रंगही तिथे आधी चढतो आणि मग आठवड्या-आठवड्याने खाली उतरत येतो. माथ्यावर झाडे निष्पर्ण झालेली असली तरी पायथ्याशी अजून रंग असू शकतो, म्हणून उशीर झाला असे वाटले तर खालच्या बाजूला शोधावे.

रंग कधी चांगला येईल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य मोडते आणि पानातला नत्र खोडाकडे परत ओढून घेते. पिवळी आणि नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये पानात आधीपासूनच असतात, हिरवा रंग ओसरल्यावर ती दिसू लागतात. त्यामुळे पिवळा रंग बहुतेक वर्षी भरवशाचा असतो. लाल आणि जांभळट रंगाचे तसे नाही. तो देणारी अँथोसायनिन द्रव्ये अनेक झाडांच्या पानांत त्याच दिवसांत साखरेपासून नव्याने तयार होतात, आणि त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण पाणी गोठवणारी थंडी मात्र नको. अशी चार-पाच दिवसांची मालिका लागली, तर येणारा सुटीचा दिवस हातचा जाऊ देऊ नये. ढगाळ, कोमट आठवड्यानंतर लाल रंग फिकाच भेटतो, आणि जोराचा वारा झाल्यावर तर रंग झाडावर नसून जमिनीवर असतो, तोही पाहण्यासारखा असतो हा भाग निराळा.

रंगलेले पान उन्हाच्या बाजूने पाहिले तर चपटे दिसते. झाडाच्या सावलीच्या बाजूला उभे राहून, पानाच्या मागे सूर्य ठेवून पाहावे, म्हणजे शिरांचे जाळे आणि त्यांच्या कडेला मागे राहिलेली हिरवी रेघ स्पष्ट दिसते. तसेच पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे जवळ जाऊन पाहावे. बहुतेक पानगळीच्या झाडांत पुढच्या वर्षाची कळी त्या बेचक्यात आधीच तयार होऊन बसलेली असते. दोघांपैकी एकाने फांदी वाकवून धरावी आणि दुसऱ्याने पाहावे, म्हणजे चालताना थांबायला कारणही मिळते.

पानगळ नसलेल्या प्रदेशांतही शरदाचे स्वतःचे देणे असते. पावसाने धुतलेली हवा दूरवर स्वच्छ दिसते, ओढे वाहते असतात, गवत हिरव्यातून सोनेरी होऊ लागते आणि पाणथळ जागी स्थलांतर करणारे पक्षी उतरू लागतात. तेथे झाडांपेक्षा माळ, टेकडी आणि तळे निवडावे.

धुके, वारा आणि सकाळचा निर्णय

रात्री मोठ्या झाल्या, आकाश निरभ्र असले आणि वारा पडला, की जमीन झपाट्याने थंड होते आणि सखल भागात, विशेषतः पाण्याच्या आसपास, पहाटे धुके धरते. ते साधारणपणे दहा-अकराच्या सुमारास विरते, पण ऋतू पुढे सरकला आणि ऊन दुबळे झाले की दिवसभरही रेंगाळू शकते. अशा सकाळी दरी सोडून टेकडी धरावी. धुक्याचा थर पातळ असला तर वर लख्ख ऊन असते. टेकडी जवळ नसेल, तर घाईने निघण्यापेक्षा घरी आणखी एक चहा घ्यावा आणि दहाला निघावे. लवकर उठणाऱ्याला ही तडजोड जड जाते आणि उशिरा उठणाऱ्याला ती देणगी वाटते, तेव्हा ती आधीच ठरवून ठेवलेली बरी.

हवामानाच्या अंदाजात नुसते ढगाचे किंवा थेंबाचे चित्र पाहू नये. तासागणिक ढगांचे प्रमाण आणि वाऱ्याचा वेग पाहावा. तापमान दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असते, म्हणून उघड्यावरचे जेवण एक ते दोनच्या सुमारास, वारा अडवणाऱ्या आडोशाला आणि उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर करावे. उत्तर गोलार्धात असा उतार दक्षिणेकडे असतो. निरभ्र दिवशी ऊन गेल्याबरोबर गारठा इतक्या लवकर उतरतो की दुपारी ओझे वाटणारा स्वेटर अर्ध्या तासात हवाहवासा होतो.

दोघांचा वेग

सावकाश सहलीत अंतर फार लागत नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशेब डोंगरात चालणारे आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो धडधाकट आणि न थांबता चालणाऱ्यांसाठी आहे. बोलत, बघत, बसत जाणाऱ्या दोघांनी तासाला अडीच ते तीन किलोमीटर धरावेत, म्हणजे सहा-सात किलोमीटरच्या गोल वाटेत दिवस भरतो आणि जेवणाला तासभर उरतो.

दोघांचा वेग सारखा असणे दुर्मीळच. भरभर चालणारा पुढे जाऊन वळणावर थांबतो, मागून येणारा पोहोचला की तो लगेच निघतो, आणि मग एकाला भरपूर विश्रांती मिळते तर दुसऱ्याला अजिबात नाही. यावर उपाय साधा आहे: सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे. वाट रुंद असेल तर शेजारी चालावे, पण अरुंद पायवाटेवर हा क्रम मोडू नये. कुठे थांबायचे हेही पुढच्यानेच ठरवावे.

आवडीतही फरक असतो. एकाला पक्षी पाहायचे असतात आणि दुसऱ्याला जुनी वास्तू. एकाला छायाचित्रे काढायची असतात आणि दुसऱ्याला फक्त बसायचे असते. दोघांच्या आवडी एकाच दिवसात कोंबण्यापेक्षा दिवस वाटून घ्यावेत. या वेळचा बेत एकाचा, पुढच्या वेळचा दुसऱ्याचा, आणि ज्याचा बेत नाही त्याने त्या दिवशी सुधारणा सुचवू नयेत. हा नियम ऐकायला कडक वाटतो, पण वाटेवरचे अर्धे वाद त्याने मिटतात, कारण ‘तुला हवे तिकडे जाऊ’ आणि ‘नको, तुला हवे तिकडे’ अशी सौजन्याची रस्सीखेच सुरूच होत नाही. ज्याचा बेत आहे त्यानेही दुसऱ्याला किमान एक तास पूर्ण मोकळा द्यावा. त्या तासात एकाने बाकावर वाचत बसावे, दुसऱ्याने कॅमेरा घेऊन काठाने फिरून यावे. दिवसभर चिकटून राहिल्यानेच सहल दोघांची होते असे नाही.

घरची देणी, नातेवाइकांची आजारपणे, नोकरीतल्या कुरबुरी हे विषय निघणारच. चालताना ते मोकळेपणाने बोलून होतात आणि पुष्कळदा समोरासमोर बसून न सुटलेले तिथे सुटतातही. माझे मत एवढेच, की ते सकाळच्या चालण्यात उरकावेत आणि जेवणानंतर पुन्हा काढू नयेत. फोन एकाच्याच खिशात चालू असावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो अंगाजवळच्या आतल्या खिशात ठेवावा.

पाठीवर काय घ्यावे

एक सॅक दोघांना पुरते. जाड एका कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घ्यावेत आणि अंगालगतचा थर सुती असू नये, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा लवकर वाळत नाही आणि थांबल्याबरोबर अंग गार पडते. एक कोरडा मोज्यांचा जोड, वारा अडवणारे जाकीट, टॉर्च, पाणी आणि बसायला ओल न धरणारी दोन आसने असावीत. शेवटच्या वस्तूची शिफारस मी सर्वांत ठासून करतो. शरदातले बाक, दगड आणि ओंडके दुपारपर्यंत दवाने ओलेच राहतात, आणि बसता न येणे हे सावकाश सहलीत चालता न येण्याइतकेच वाईट. थर्मासमध्ये पेय भरण्याआधी उकळते पाणी ओतून झाकण लावून पाच मिनिटे ठेवावे आणि मग ते ओतून द्यावे. आतली भिंत आधीच तापलेली असल्याने चौथ्या-पाचव्या तासालाही कपातून वाफ निघते. जेवण असे असावे की जे थंडही खाता येईल आणि ज्यासाठी दोन्ही हात गुंतणार नाहीत. बाहेर खायचे असेल, तर ती जागा त्या दिवशी उघडी आहे का हे विचारून घ्यावे आणि तरीही काही कोरडे खाणे जवळ ठेवावे.

काही धोके

ओल्या पानांचा थर घसरडा असतो आणि त्याखालची मुळे, खड्डे, पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत. उतारावर पाऊल पूर्ण टेकवून, लहान पावले टाकत चालावे, आणि वाहन चालवतानाही पानांनी झाकलेल्या वळणावर वेग कमी करावा. अनेक देशांत शरद हा हरणांच्या माजाचा काळ असतो. पहाटे आणि संध्याकाळी ती बेधडक रस्त्यावर येतात, आणि एक ओलांडून गेले की मागून दुसरे येण्याची शक्यता धरावी. जेथे शिकारीचा हंगाम चालू असतो, तेथे भडक रंगाचा कपडा वरून घालावा. गवतातून चालून आल्यावर पाय आणि गुडघ्यांमागची जागा गोचिडींसाठी एकमेकांची तपासावी; थंडी सुरू झाली म्हणून त्या लगेच नाहीशा होत नाहीत.

जंगली अळंबी नुसती पाहावी. खाण्याजोग्या जातींसारख्या दिसणाऱ्या विषारी जाती असतात, आणि ‘डेथ कॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अळंबीची लक्षणे खाल्ल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतात, तोवर विषाने यकृतावर काम सुरू केलेले असते. जाणकार सोबत नसेल तर या विषयात हौस नको.

तेच ठिकाण पुन्हा

दर वेळी नवी जागा शोधण्यात नियोजनाचा बराच वेळ जातो, आणि माझ्या मते तो वाया जातो. एकच गोल वाट ऋतूच्या सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस चालावी. पहिल्या वेळी वाहन कुठे लावावे, कोरडा बाक कोणता, ऊन कुठल्या कड्याआड किती वाजता जाते हे समजते. दुसऱ्या वेळी यातले काहीच शोधावे लागत नाही, म्हणून लक्ष वाटेवर राहते. मुद्दाम वाट उलट्या दिशेने चालावी. चढांचे उतार होतात आणि सकाळी पाठीमागे राहिलेली बाजू दुपारच्या उन्हात समोर येते. एखादे ठरावीक झाड त्याच जागेवरून प्रत्येक वेळी टिपावे, कारण दोन-तीन आठवड्यांनी नेमके काय बदलले हे आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही.

अखेरच्या फेरीला लोक सहसा जात नाहीत, कारण रंग संपलेले असतात. पण फांद्या उघड्या पडल्यावर उन्हाळ्यात पानांआड लपलेली घरटी दिसतात, नदीचे वळण वाटेवरून प्रथमच दिसते आणि पक्षी ओळखणे सोपे होते. उजेड सर्वांत कमी असतो, म्हणून या फेरीला वाट अर्धी करावी, जेवण वेळेआधी उरकावे आणि वर सांगितलेला बसण्याचा तास दुपारी तीनला सुरू करावा लागला तरी तो सोडू नये. घरी परतल्यावर बुटांतले ओले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, बूट हीटरजवळ ठेवू नयेत, आणि थर्मास धुऊन झाकण उघडे ठेवून उपडा ठेवावा.